आंबागडहून नागपूरला जाताय? एसटीचं अर्धं तिकीट की रेल्वेचं पूर्ण, घरातल्या कोणाला काय परवडतं

आंबागड (ता. तुमसर) : मेडिकलची तारीख, हायकोर्टातली पेशी, लेकराची परीक्षा, नाहीतर लग्नाची खरेदी. आंबागड आणि आजूबाजूच्या गावांतल्या माणसाला वर्षातून काही वेळा तरी नागपूर गाठावंच लागतं. निघताना बहुतेक घरांत एकच हिशेब असतो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हाताऱ्याला फुकट आहे, म्हणून सगळे एसटीनेच चला. हा हिशेब काहींसाठी बरोबर आहे, पण पुष्कळांसाठी चुकीचा आहे. तुमसर ते नागपूर एसटीचं अर्धं तिकीट हे साध्या रेल्वेगाडीच्या पूर्ण तिकिटापेक्षा महाग पडतं, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

दुसरीकडे, फक्त स्वस्त तिकीट पाहून रेल्वेने गेलेला माणूस रात्री तुमसरला अडकतो आणि गावापर्यंत स्पेशल ऑटो करतो. तिथे वाचलेले सगळे पैसे जातात. म्हणून तिकीट पाहताना घराच्या दारापासून परत दारापर्यंतचा हिशेब मांडावा लागतो.

एसटीचं भाडं ठरतं कसं

एसटीचं भाडं टप्प्यावर असतं. एक टप्पा ६ किलोमीटरचा. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीने १४.९५ टक्के भाडेवाढ केली, तेव्हा साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैसे झाला. निमआरामचा १३ रुपये ६५ पैसे आणि शिवशाहीचा १४ रुपये २० पैसे. टप्पा अर्धवट असला तरी पूर्ण धरतात. त्यावर अपघात निधीचा एक रुपया लागतो. कंडक्टर ११, २१, ३१ असे आकडे सांगतो आणि सुट्ट्या रुपयावरून गाडीत कटकट होते, त्याचं कारण हेच. आता तिकिटाच्या मशीनवर मोबाइलने स्कॅन करून पैसे देता येतात, त्यामुळे सुट्ट्यांचा प्रश्न ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याच्यापुरता तरी मिटला.

आता हे आपल्या रस्त्याला लावून पाहू. आंबागड ते तुमसर तेरा-चौदा किलोमीटर, म्हणजे तीन टप्पे. तुमसरहून मोहाडी, वरठी, भंडारा या मार्गाने नागपूर साधारण ९५ किलोमीटर, म्हणजे सोळा ते सतरा टप्पे. साध्या गाडीचे १६० ते १७० रुपये होतात. आंबागडपासून धरलं तर एका पूर्ण तिकिटाच्या माणसाला एका बाजूचे १९० ते २०० रुपये. जाऊन-येऊन चारशेच्या घरात.

भंडाऱ्याला गाडी बदलून शिवशाहीत बसायचं असेल तर आणखी वर जातं. भंडारा ते नागपूर साधारण अकरा टप्पे आहेत. साधीने ११० च्या आसपास, शिवशाहीने १५६ च्या आसपास. पंचेचाळीस रुपयांचा फरक आहे. गाडी मध्ये कमी थांबते, वेळ वाचतो, हे खरं. पण दवाखान्यात चिठ्ठी काढायची घाई नसेल तर एवढ्या छोट्या अंतरासाठी शिवशाहीचा मोह धरण्यात फार अर्थ नाही.

एसटीत कोणाला किती सवलत

७५ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला, बाई असो की पुरुष, २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना म्हणतात ती हीच. मोफत असलं तरी कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. ते मागून घ्यावं आणि उतरेपर्यंत जपावं, कारण तपासणी पथक चढलं तर ते तिकीटच पाहतं.

६५ ते ७५ या वयाला अर्धं तिकीट. महिलांना १७ मार्च २०२३ पासून सगळ्या प्रकारच्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट आहे, वयाची अट नाही. शिवशाहीतही अर्धंच. इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. बाई आहे आणि वय ६८ आहे, म्हणजे दोन सवलती मिळून आणखी कमी होईल, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. एका माणसाला एकच सवलत. ती आजी ७५ ची झाली की मग तिचं तिकीट शून्य.

५ ते १२ वर्षांच्या लेकराला अर्धं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्याला ७५ टक्के सवलत आहे, म्हणजे पाव भाडं भरावं लागतं. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या एका माणसालाही अर्धं तिकीट लागतं. सोबत्याची ही सवलत मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

या सवलती राज्याच्या हद्दीत आणि एसटीच्या गाडीतच चालतात. काळीपिवळीत नाही, ऑटोत नाही, खासगी ट्रॅव्हल्समध्ये नाही, नागपूरच्या सिटी बसला एसटीचा नियम लागू नाही. आपल्याकडून कटंगी, बालाघाटकडे सोयरिकी पुष्कळ आहेत. तिकडे जाताना राज्याची हद्द ओलांडली की पुढच्या अंतराचं पूर्ण भाडं लागतं.

एसटीने २०२५ मध्ये आगाऊ आरक्षणावर १५ टक्के सूट जाहीर केली होती. ती १५० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाची आणि पूर्ण तिकिटाच्या प्रवाशाची आहे. नागपूर आपल्याला तेवढं लांब पडत नाही. पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्याने मात्र विचारून घ्यावं.

रेल्वे : एकाच रुळावर तीन भाडी

तुमसर रोड स्टेशन तुमसर शहरात नाही, देव्हाडीला आहे. शहरापासून चार-पाच किलोमीटर. हावडा-नागपूर-मुंबई मुख्य मार्गावरचं हे जंक्शन, तिरोडीचा फाटा इथूनच निघतो. नागपूर इथून रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर.

याच रुळावरून धावणाऱ्या गाड्यांचं जनरलचं भाडं मात्र तीन तऱ्हेचं आहे आणि तिथेच माणसं फसतात.

मेमू आणि पॅसेंजरचं भाडं सगळ्यांत कमी. कोरोनाच्या काळात या गाड्यांना स्पेशल म्हणून एक्स्प्रेसचं भाडं लावलं होतं, किमान तिकीट ३० रुपये झालं होतं. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी रेल्वेने ते मागे घेतलं आणि किमान तिकीट पुन्हा १० रुपये केलं. ज्यांनी त्या काळात मेमू सोडली ते अजून "रेल्वे महाग झाली" म्हणून एसटीनेच जातात. आज साध्या गाडीने तुमसर रोड ते नागपूर २० रुपयांच्या घरात होतं.

मेल-एक्स्प्रेसच्या जनरल डब्याचं भाडं त्याच्या दुपटीच्या आसपास. सकाळी गोंदियाहून निघून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस यात येते. तिसरी सुपरफास्ट. तिला एक्स्प्रेसच्या भाड्यावर आणखी १५ रुपये लागतात. गोंदिया-मुंबई विदर्भ एक्स्प्रेस सुपरफास्ट आहे. ओळखायची खूण सोपी आहे. गाडीचा नंबर १२, २० किंवा २२ ने सुरू झाला तर सुपरफास्ट समजावी. महाराष्ट्र एक्स्प्रेसचा नंबर ११ ने सुरू होतो, म्हणून तिला ते १५ रुपये नाहीत. मेमूचा नंबर ६ ने आणि पॅसेंजरचा ५ ने सुरू होतो.

मेमूचं तिकीट काढलं, मेमू उशिरा आहे म्हणून समोर लागलेल्या विदर्भमध्ये चढलं, असं करू नका. टीसीच्या लेखी ते तिकीट त्या गाडीचं नाही. विनातिकीट माणसाला तर रेल्वेत भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड आहे, म्हणजे मेमूच्या डझनभर खेपांचे पैसे एका फटक्यात. एसटीत विनातिकिटाला १०० रुपये किंवा भाड्याच्या दुप्पट, यापैकी जे जास्त असेल ते.

रेल्वेत ज्येष्ठांची सवलत आता नाही. २० मार्च २०२० पासून ती बंद आहे. आधी ६० वर्षांच्या पुरुषाला ४० टक्के आणि ५८ वर्षांच्या बाईला ५० टक्के सूट होती. बाया म्हणूनही जनरलच्या भाड्यात काही कमी होत नाही. ५ वर्षांपर्यंतच्या लेकराला तिकीट नाही, ५ ते ११ वर्षांच्याला अर्धं.

जनरलचं तिकीट १९९ किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीने वापरावं लागतं. सकाळी देव्हाडीला उतरून परतीचंही तिकीट काढून ठेवू, हा विचार इथे चालत नाही. परतीचं नागपूरला किंवा इतवारीलाच काढायचं. खिडकीवर रांग असेल तर मोबाइलवर रेलवन ॲपने काढता येतं. १ जुलै २०२५ ला रेल्वेने ते सुरू केलं. ॲपवरून जनरलचं तिकीट स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढावं. गाडीत बसून टीसी दिसल्यावर काढायला गेलं तर निघत नाही.

एका घराचा हिशेब

समजा आंबागडच्या एका घरातले पाच जण नागपूरला निघाले. आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८ च्या, मुलगा ४५ चा, सून ४० ची, नातू ९ वर्षांचा. तुमसरपासून पुढचा हिशेब असा.

साध्या एसटीने आजोबांचं तिकीट शून्य. आजी, सून आणि नातू यांचे ८० च्या आसपास प्रत्येकी. मुलाचे १६०. एका बाजूचे ४०० रुपये झाले, जाऊन-येऊन ८००.

मेमूने चार मोठ्यांचे २० प्रमाणे ८० आणि नातवाचे १०. एका बाजूचे ९०, जाऊन-येऊन १८०. एक्स्प्रेसच्या जनरलने गेले तर दुप्पट धरा, साडेतीनशेच्या पुढेमागे. वर तुमसर ते देव्हाडी ऑटो दोन वेळचा. तो धरूनही पाच जणांच्या घराला रेल्वेच स्वस्त.

आता त्याच घरातून आजोबांना दाखवायला फक्त सून निघाली. एसटीने आजोबा शून्य आणि सुनेचे ८०. मेमूने दोघांचे ४०, वर देव्हाडीचा ऑटो, वर इतवारीहून दवाखान्यापर्यंतचा ऑटो. तिकिटात वाचलेले ४० रुपये ऑटोत गेले आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला जिना चढवायचा त्रास वेगळा. इथे एसटीच बरी. आजोबा-आजी दोघंही ७५ च्या वर असतील तर प्रश्नच नाही, दोघांचा प्रवास तुमसर, भंडारा, नागपूर सगळा शून्यात.

एकटा कमावता पुरुष निघाला असेल तर उलट. त्याला एसटीत एक पैसाही सवलत नाही आणि रेल्वेत आठव्या हिश्शात काम होतं. तरी गावाकडचे पुरुष सवयीने एसटी पकडतात, कारण ती बसस्टँडवरून सुटते आणि देव्हाडीला जायची कटकट नसते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एक दिवस मोडला की मजुरीही जाते, म्हणून वेळेला किंमत आहे हे मान्य. पण कोर्टाची पेशी महिन्याला लागणाऱ्या माणसाने वर्षाचा हिशेब मांडून पाहावा. बारा खेपांत फरक तीन हजारांच्या पुढे जातो.

एकटी बाई निघाली तर दोन्हीकडचं पारडं सारखं होत जातं. ८० विरुद्ध २०, पण देव्हाडीचा ऑटो एकटीला करावा लागला तर फरक उरत नाही. शेअर ऑटो मिळाला तर रेल्वे, नाही तर एसटी.

परतीची शेवटची गाडी आधी ठरवा

हिशेब उलट्या टोकापासून करावा. तुमसरहून आंबागडला येणारी शेवटची एसटी किती वाजता आहे, हे आधी पक्कं करायचं. ती गाडी गाठायला तुमसरला किती वाजता पोचावं लागेल, त्यासाठी नागपूर किती वाजता सोडावं लागेल, असं मागे मागे यायचं. मग त्या वेळेला रेल्वे आहे का पाहायचं. असली तर रेल्वे, नसली तर एसटी.

मेमू मालगाडीसाठी किंवा एक्स्प्रेससाठी बाजूला थांबवतात, हे या मार्गावरच्या सगळ्यांना माहीत आहे. कळमना-इतवारीच्या आसपास गाडी उभी राहिली की अर्धा तास कसा जातो कळत नाही. म्हणून जाताना मेमू आणि येताना एसटी, असा जोडही लावता येतो. जाताना पहाटे उशीर झाला तरी दवाखान्याची रांग तिथेच असते. संध्याकाळी उशीर झाला तर तुमसरची शेवटची गाडी थांबत नाही. जाऊन-येऊन एकाच साधनाने जायचा काही नियम नाही.

तिरोडी मार्गावरच्या गाडीची वेळ जुळत असेल तर तुमसर टाऊन स्टेशनवर उतरता-चढता येतं, ते शहरालगत आहे. मग देव्हाडीचा ऑटो वाचतो. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत, वेळ त्या दिवशीची पाहूनच निघावं.

वरठीचाही एक पर्याय आहे. भंडारा रोड नावाचं स्टेशन वरठीला आहे, तुमसर-भंडारा रस्त्यावरच. तुमसरहून एसटीने वरठी आणि पुढे रेल्वे, असं करता येतं. आजोबांसोबत जाणाऱ्याला याचा फायदा नाही, पण तुमसर रोडला न थांबणारी एखादी गाडी वरठीला मिळत असेल तर उपयोगाचं आहे.

नागपुरात उतरायचं कुठे

एसटी नागपुरात भंडारा रोडने शिरते. पारडीच्या पुढे प्रजापती नगर हे मेट्रोचं स्टेशन या रस्त्यावरच आहे. ११ डिसेंबर २०२२ ला सीताबर्डी ते प्रजापती नगर हा मेट्रोचा भाग सुरू झाला, तेव्हापासून भंडाऱ्याकडून येणाऱ्यांना मोठी सोय झाली. ही लाइन पुढे कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत वाढवण्याचं काम दुसऱ्या टप्प्यात आहे. बहुतेक माणसं मात्र अजून गणेशपेठ बसस्टँडपर्यंत जातात आणि तिथे ऑटोवाल्याशी भाव करत उभी राहतात. गाडीत बसतानाच कंडक्टरला प्रजापती नगरजवळ थांबवता येतं का विचारावं.

प्रजापती नगरहून निघणारी ॲक्वा लाइन सेंट्रल ॲव्हेन्यूने दोसर वैश्य चौक, नागपूर रेल्वे स्टेशन, कॉटन मार्केट, सीताबर्डी करत पुढे शंकर नगर, सुभाष नगर आणि लोकमान्य नगरपर्यंत जाते. मेयो दवाखान्यात जायचं असेल तर दोसर वैश्य चौक बरा. सीताबर्डीला गाडी बदलली की ऑरेंज लाइन मिळते. तिकडे कस्तुरचंद पार्क, झिरो माइल, काँग्रेस नगर, अजनी, विमानतळ आणि शेवटी खापरी. हायकोर्ट आणि सिव्हिल लाइन्सची कामं असतील तर कस्तुरचंद पार्क किंवा झिरो माइल. मिहानमधल्या एम्ससाठी आणि जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटसाठी खापरीपर्यंत मेट्रो आणि पुढे ऑटो किंवा बस. मेडिकलच्या दारात मेट्रो नाही. अजनी चौक किंवा काँग्रेस नगरला उतरून ऑटो करावा लागतो, पण गणेशपेठहून थेट ऑटो करण्यापेक्षा तो छोटा पडतो. सोबत उठता-बसता न येणारा रुग्ण असेल तर मात्र हे चढणं-उतरणं करू नये, सरळ ऑटो करावा.

मेट्रोच्या महाकार्डवर भाड्यात १० टक्के सूट मिळते, विद्यार्थ्यांना ३० टक्के. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने कार्डाच्या भानगडीत पडू नये, खिडकीवरचं क्यूआर तिकीट पुरे. १०० रुपयांचा दिवसभराचा पासही आहे, पण एका दवाखान्यात जाऊन परत येणाऱ्याला तो कधीच वसूल होत नाही. तीन-चार ठिकाणी फिरायचं असेल तरच विचार करावा.

इतवारी स्टेशन मेट्रोला लागून नाही. मेमूने आला तर गाडी नागपूर स्टेशनपर्यंत जाते की इतवारीलाच संपते, हे चढण्याआधी विचारावं. नागपूर मुख्य स्टेशनला उतरणाऱ्याला मेट्रो जवळ आहे. इतवारीला उतरणाऱ्याला किराणा ओळ आणि भांड्याचा बाजार जवळ, म्हणून लग्नाच्या खरेदीला इतवारीच सोयीचं. साध्या डब्यात एका माणसामागे ३५ किलो सामान फुकट नेता येतं, नागपूरच्या पाहुण्यांकडे तांदूळ नेणाऱ्यांना ही गोष्ट कामाची.

आधारवरचं वय

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची खरी अडचण तिकीट नसून आधार कार्ड आहे. जन्माची नोंद नव्हती, शाळेचा दाखला नव्हता. आधार काढणाऱ्याने चेहरा पाहून अंदाजे साल टाकलं, तारीख १ जानेवारी टाकली. आज ७७ वर्षांच्या आजोबांचं वय कार्डावर ७१ निघतं आणि कंडक्टर अर्धं तिकीट फाडतो. त्यात कंडक्टरची चूक नाही, तो कार्डावरचंच वय मानणार.

आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त होते. म्हणून घाईत चुकीचा कागद लावून ती संधी घालवू नये. जुन्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद असं काही हाती असेल तर आधी तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात विचारून कोणता कागद चालतो ते पक्कं करावं आणि मगच आधार केंद्रावर जावं. ही खटपट एका दिवसाची नाही. पण ज्या घरात महिन्याला दवाखान्याची वारी आहे तिथे ती करण्यासारखी आहे. आणि ज्याला हे कागद मिळणारच नाहीत, त्याला कार्डावरचं वय ६५ च्या वर असलं तर अर्धं तरी मिळतं.

झेरॉक्सवर कंडक्टर नाही म्हणू शकतो. मूळ कार्ड सोबत ठेवावं. मुलाच्या मोबाइलमध्ये डिजिलॉकरवर आधार असेल तर तेही चालतं, पण मुलगा सोबत असला तर. म्हाताऱ्याला एकटं पाठवताना कार्डच द्यावं.

रुग्णांसाठी

भंडारा जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बऱ्याच गावांत आहेत. सिकलसेल, डायलिसिस, हिमोफिलिया आणि एचआयव्ही असलेल्या रुग्णांना एसटीच्या साध्या आणि निमआराम गाडीत मोफत प्रवासाची तरतूद आहे. क्षयरोग आणि कर्करोगाच्या रुग्णांनाही सवलत आहे. त्यासाठी सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो. दाखला कोणत्या नमुन्यात हवा, ते तुमसर आगारात आधी विचारून मग डॉक्टरकडे जावं, म्हणजे दोन खेपा होत नाहीत. डायलिसिसवाल्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा जावं लागतं. त्या घरात ही सवलत घेतली नसेल तर महिन्याला काही हजार रुपये उगाच जात आहेत.

कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या साध्या दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही. त्यासाठी दवाखान्याचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो.

अपघात, हार्ट अटॅक, साप चावला अशा वेळी एसटी-रेल्वेचा विचारच करू नये, १०८ ला फोन करावा. गरोदर बाई आणि लहान बाळासाठी १०२ ची गाडी आहे. दोन्ही मोफत.

शिकणारे आणि रोज जाणारे

आंबागडहून तुमसरला शाळेत जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. मुलांना आणि पुढच्या वर्गांना भाड्याच्या एक तृतीयांश रकमेत पास मिळतो. जूनमध्ये शाळेनेच यादी आगारात दिली तर पास शाळेत येतो.

कामाला रोज जाणाऱ्यांसाठी एसटीचा मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो आणि त्रैमासिक पास ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. महिन्यात पंधरा-सोळा दिवसच जाणार असाल तर मासिक पास तोट्यात. बायांनी तर पास काढण्याआधी अर्ध्या तिकिटाचे पैसे मांडून पाहावेत. पुष्कळदा रोजचं अर्धं तिकीटच पासपेक्षा कमी भरतं. तुमसर रोडहून नागपूरला रोज ये-जा करणाऱ्यांनी मात्र रेल्वेचं मासिक सीझन तिकीट सोडून दुसरं काही पाहू नये. १५० किलोमीटरपर्यंत ते मिळतं. सुपरफास्टमध्ये बसायचं असेल तर त्याचा वेगळा अधिभार भरावा लागतो.

एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" हा चार आणि सात दिवसांचा पास बसस्टँडवर लिहिलेला दिसतो. तो देवदर्शनाला फिरणाऱ्यांसाठी आहे. एका नागपूरच्या खेपेसाठी घेऊ नये.

कोणत्या दिवशी जाऊ नये

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी दोन दिवस दीक्षाभूमीकडे जाणाऱ्यांनी रेल्वे भरलेल्या असतात, जनरलमध्ये रुग्णाला घेऊन चढणं कठीण. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्च्यांमुळे बंद होतात, तेव्हा ऑटोपेक्षा झिरो माइलपर्यंत मेट्रो बरी. महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेची गर्दी आपल्याच रस्त्यावर असते, त्या दिवशी तुमसरची गाडी वेळेवर धरू नका. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याला, नागपुरात मारबत निघते. इतवारी आणि महाल भागातले रस्ते तेव्हा गर्दीने भरलेले असतात. त्या दिवशी खरेदीसाठी मेमूने इतवारीला उतरलेल्या माणसाला दुपारपर्यंत ऑटो मिळत नाही.